डावीकडची मंडळी

कुणी नवी लेन्स घेतली की लोक त्याचं अभिनंदन करतात. मला त्याचं सांत्वन करावंसं वाटतं. खोक्यावर फोकल लेंग्थ छापलेली असते, ॲपर्चर छापलेलं असतं, जुन्या बॅटऱ्या कचऱ्यात टाकू नका हेही छापलेलं असतं. आतली भिंगं एका रेषेत बसली आहेत की नाहीत हे तपासायचं शेवटचं काम गिऱ्हाइकाचं, तेही बिनपगारी, एवढंच तेवढं छापायचं राहून जातं.

माझ्या लेन्समधला दोष बायकोने शोधला. पुतण्याची मुंज होती. भिक्षावळ आटोपल्यावर मी सगळ्यांना स्टेजवर गोळा केलं. मध्ये बटू, उजवीकडे आमच्याकडची मंडळी, डावीकडे बायकोच्या माहेरची. हॉलमधला उजेड यथातथाच, म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, सताड उघडं ठेवलं, एफ 2.8 वर. कॅमेरा ट्रायपॉडवर. रात्री फोटो लॅपटॉपवर उघडला तर उजवीकडे आत्याच्या नथीतले मोती मोजून घ्यावेत इतके स्वच्छ, आणि डावीकडे सासरेबुवांच्या मिशीची आणि ओठांची हद्दच पुसली गेलेली.

“माझ्या माहेरचीच माणसं बरी पुसट येतात!”

“अगं, हलले असतील.”

“बाबा हलत नाहीत. एका जागी उभं न राहणारे सगळे तुझ्याकडचे आहेत.”

हे खरं होतं. शिवाय माणूस हलला की फोटोत तो एका दिशेने ओढला जातो, अख्खं माहेर असं एकसारखं धूसर होत नाही. मी चित्र दोनशे टक्के मोठं केलं. सासऱ्यांच्या शेजारचा खांबही पुसट होता. खांबाचा आमच्या घराण्याशी काही वाद नाही. तेव्हा प्रकरण लेन्सवर येऊन ठेपलं.

लेन्स म्हणजे आतून भिंगांची उतरंड असते. प्रत्येक भिंगाला स्वतःचा एक अक्ष, आणि ते सगळे अक्ष एकाच ओळीत यायला हवेत. एखादं भिंग मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात बाजूला सरकलं किंवा किंचित कललं, की चित्राची एक बाजू मऊ पडते. ॲपर्चर एफ 8 पर्यंत मिटवलं की दोष बराचसा झाकला जातो, म्हणून भर उन्हात फोटो काढणारे लोक सुखी असतात. 1893 साली डेनिस टेलर यांनी इंग्लंडमध्ये तीन भिंगांची लेन्स तयार केली आणि तीवर जगाने पुढे कितीतरी वर्षं उत्तम फोटो काढले. साध्या 50 मिलिमीटरच्या लेन्सला सहा-सात भिंगं पुरतात. हल्लीच्या बड्या झूममध्ये अठरा-वीस असतात, आणि झूम फिरवला की त्यातले गट आपापल्या वेगाने मागेपुढे सरकतात. त्यावर हात थरथरला तर चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा. ती काय करते? एक भिंग मुद्दाम अक्षावरून बाजूला सरकवते. म्हणजे भिंग सरकवण्याचे कंपनी वेगळे पैसे घेते. माझ्या लेन्समध्ये ते फुकट सरकलं होतं, तर त्याला दोष म्हणायचं!

पूर्वी हे खपून जायचं. चार बाय सहाच्या प्रिंटमध्ये कुणाची मिशी कळत होती? आता फिल्मच्या जागी आलेल्या सेन्सरवर सहा-सहा मायक्रॉनचे अडीच कोटी ठिपके बसलेले असतात आणि एकेक ठिपका चहाडीखोर.

पण दोष दिसणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. त्यासाठी विटांची भिंत लागते, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी. आमच्या सोसायटीच्या मागच्या कंपाउंडचा गिलावा पावसाळ्यात गळून पडला होता आणि विटा छान उघड्या पडल्या होत्या. कॅमेरा भिंतीला तंतोतंत समांतर हवा. त्याची युक्ती अशी की भिंतीवर आरसा चिकटवायचा आणि त्यात लेन्सला स्वतःचं तोंड बरोबर मधोमध दिसेपर्यंत ट्रायपॉड हलवायचा. मी न्हाणीघरातला छोटा आरसा नेऊन चिकटवला. तळमजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या.

“दक्षिणेच्या भिंतीला आरसा? वास्तूवाल्यांनी सांगितला का हो?”

“नाही काकू, लेन्स तपासतोय.”

“असू दे, नका सांगू. पण आमच्याकडे तोंड करून नका लावू.”

पुढची पायरी कॅमेरा उलटा टांगायची. खोट लेन्समध्ये असेल तर पुसटपणा कॅमेऱ्याच्या त्याच बाजूला राहतो आणि भिंतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. तो भिंतीच्या त्याच टोकाला राहिला तर कॅमेराच तिरका धरलेला. मी ट्रायपॉडला खाली डोकं वर पाय कॅमेरा लटकवून वाकून पाहत होतो, तेवढ्यात सेक्रेटरी आले. पडलेल्या गिलाव्याचे फोटो मी इतक्या निष्ठेने का काढतोय, हे त्यांनी विचारलं नाही. वार्षिक सभा जवळ आली होती. त्यांनी उघड्या विटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गेले. तीन पावसाळे अर्ज करून न झालेलं काम त्यानंतर झटक्यात झालं. दोष सिद्ध झाला, पण माझी भिंत गेली.

सर्व्हिस सेंटरमधली मुलगी अतिशय अदबीने बोलली. फिल्टर लावला होता का, फर्मवेअर अपडेट केलंय का, हे सगळं विचारून झाल्यावर तिने तक्त्यासमोर एक फोटो काढला.

“सर, मध्ये तर एकदम शार्प आहे.”

“मध्ये फक्त बटू होता हो. नातेवाईक कडेला उभे राहतात.”

लेन्स ठेवून घेतली. यथावकाश परत मिळाली, सोबत छापील कागद: तपासणी केली, लेन्स कंपनीच्या स्टँडर्डमध्ये आहे. हे स्टँडर्ड म्हणजे किती, हे मी विचारलं. ते आम्हाला दिलेलं नाही, असं उत्तर आलं. लेन्स बनवणाऱ्याला थोडी सूट द्यावी लागते, हे मला मान्य आहे. भिंग माणसं बसवतात, यंत्रं बसवतात, आणि दर लेन्सवर दिवसभर खपायचं तर तिची किंमत फ्लॅटमध्ये सांगावी लागेल. पण ती सूट नेमकी कुणाच्या माहेरावर पडणार, हे तरी आधी कळायला हवं.

त्या दिवसांत मला आधार दिला तो हबल दुर्बिणीने. एप्रिल 1990 मध्ये ती अवकाशात गेली. 2.4 मीटरचा आरसा, कमालीच्या काटेकोरपणे घासलेला, फक्त चुकीच्या आकारात. कडेला तो सुमारे 2.2 मायक्रॉन जास्त सपाट झाला होता, कारण आरसा तपासणाऱ्या उपकरणातलंच एक भिंग 1.3 मिलिमीटर जागा चुकून बसलं होतं. गंमत म्हणजे इतर चाचण्यांत खोट दिसली होती. पण ती उपकरणं कमी अचूक, म्हणून त्यांचं कुणी ऐकलं नाही. हे बायकोला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “बघ, घरोघरी तेच.” डिसेंबर 1993 मध्ये नासाने माणसं वर पाठवून दुरुस्ती केली. माझ्या वॉरंटी कार्डात घरी येऊन दुरुस्तीची सोय नाही, मी कार्ड पुन्हा वाचून पाहिलं.

दरम्यान नव्या गिलाव्याला पहिल्याच उन्हाळ्यात भेगा पडल्या, केसासारख्या बारीक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सेक्रेटरी हताश झाले. मला तपासणीसाठी आयता तक्ता मिळाला. ॲपर्चर सताड उघडून मी फोटो काढले. कंत्राटदाराचं उरलेलं बिल अडवायला सेक्रेटरींना पुरावा हवाच होता, त्यांनी तेच फोटो मोठे छापून घेतले आणि मला ऑफिसात बोलावलं.

कंत्राटदाराने फोटो निवांतपणे पाहिला. “उजवीकडे थोड्या भेगा आहेत, मान्य. पण डावीकडे बघा की काम कसं लोण्यासारखं उतरलंय.”

“अहो, तिकडेही भेगा आहेत!” सेक्रेटरी कडाडले. “यांच्या लेन्समध्येच खोट आहे!”

माझ्या लेन्समध्ये खोट आहे असं चारचौघांत ठणकावून सांगणारा हा पहिला माणूस. मला गहिवरून आलं.

“तसा काही कागद?” कंत्राटदाराने विचारलं.

कॅमेऱ्याच्या बॅगेत कागद एकच होता, सर्व्हिस सेंटरचा. सेक्रेटरींनी तो माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेऊन पुढे सरकवला. कंत्राटदाराने चष्मा लावून तो शिक्क्यासकट वाचला आणि नीट घडी करून परत दिला.

“हे बेस आहे साहेब. आपला गिलावाही स्टँडर्डमध्येच आहे. उद्या लेटरहेडवर लिहून आणतो.”