पासवर्ड म्हणे ‘नंतर बघता येतील असे’ ठेवा!

‘लॉगिन सिस्टीम बनवा फक्त ५ स्टेपमध्ये’ अशी एक पोस्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतीये. मी बघून सोडून दिली होती, पण परवा भाच्याने तीच फॉरवर्ड केली आणि खाली लिहिलं, ‘मामा, असंच करतोय, चालेल ना?’ पोरगं बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गावातल्या वाचनालयासाठी वेब अ‍ॅप करतंय, म्हणजे सभासदांनी लॉगिन करायचं, आपल्याकडे कुठली पुस्तकं आहेत, वर्गणी कधी संपतीये ते बघायचं. खरी माणसं, खरे फोन नंबर. म्हणून लिहितोय, नाहीतर एवढा वेळ कोणाला आहे.

पहिलीच स्टेप सगळ्यात भयंकर. ‘पासवर्ड एन्क्रिप्ट करून ठेवा, म्हणजे युजर विसरला की अ‍ॅडमिन पॅनलमधून बघून फोनवर सांगता येतो.’ एन्क्रिप्ट म्हणजे किल्लीने परत उलगडता येईल असा सांकेतिक मजकूर. अरे बाबांनो, सभासदाचा पासवर्ड काउंटरवरच्या कारकुनाला दिसायचं कारणच काय? एखाद्या काकू वाचनालयाला जो पासवर्ड ठेवतील तोच त्यांच्या ईमेललाही असणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. भाचा म्हणतो, ‘पण मामा, एन्क्रिप्ट केलंय की.’ बरं, मग ते उलगडायची किल्ली कुठे ठेवलीयेस? त्याच सर्व्हरवर, सेटिंगच्या (कॉन्फिग) फाइलमध्ये. ज्याच्या हाती डेटाबेस लागला त्याला ती फाइल सापडायला कितीसा वेळ लागणार!

आणि किल्ली नाही सापडली तरी सुटका नाही. अ‍ॅडोबीचं, म्हणजे फोटोशॉपवाल्या कंपनीचं, २०१३ साली काय झालं बघा. पासवर्ड हॅश (म्हणजे परत उलगडताच येणार नाही असे) न करता एन्क्रिप्ट केलेले, सगळ्यांना एकच किल्ली, त्यामुळे सारख्या पासवर्डची ओळही सारखीच दिसायची, आणि शेजारी युजरने पासवर्ड आठवावा म्हणून लिहिलेली हिंट चक्क उघडी. डेटा फुटल्यावर लोकांनी हिंट जुळवून जुळवून, शब्दकोडं सोडवावं तसे पासवर्ड ओळखले. ३ कोटी ८० लाख चालू खाती त्यात होती असं कंपनीनेच मान्य केलं.

करायचं ते हॅश. बीक्रिप्ट ही हॅशची पद्धत घेतली तर पासवर्डची ६० अक्षरांची एक अगम्य ओळ बनते आणि तेवढीच डेटाबेसमध्ये जाते, पुढच्या लॉगिनला टाकलेल्या पासवर्डची परत तशीच ओळ काढून जुळवायची, बस. ओळीवरून पासवर्ड परत काढायची सोयच नाही. प्रत्येक खात्याला वेगळं सॉल्ट, म्हणजे हॅश करताना पासवर्डात मिसळायची यादृच्छिक अक्षरं, असतं, त्यामुळे दोघांनी १२३४५६ ठेवला तरी ओळी वेगवेगळ्या. विसरला कोणी? ईमेलवर एकदाच चालणारी, थोड्या वेळात बाद होणारी लिंक पाठव, नवीन ठेवू देत. बरं हे हाताने लिहायचंही नाहीये! पोरगं जँगो ही वेबसाइट बनवायची तयार चौकट वापरतंय, त्यात हॅशिंग, रीसेटची लिंक सगळं आयतं मिळतं. ते काढून स्वतःचं एन्क्रिप्शन बसवा म्हणणारा हा पोस्टवाला नक्की कोणाच्या बाजूचा आहे?

दुसरी स्टेप, दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावा, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह सक्तीचं. ही पद्धत पसरली ती मुख्यतः अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेच्या २००३च्या गाइडलाइनमुळे, आणि ती लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलला सांगितलं की तेव्हा जे केलं त्यातल्या बऱ्याचशाचा आता पश्चात्ताप होतोय. त्याच वर्षी निस्टने एसपी ८००-६३बी या नव्या गाइडलाइनमध्ये दोन्ही सक्ती नकोत असं लिहिलं आणि २०२५च्या आवृत्तीत तर सरळ मनाई केली. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तरच बदलायला लावायचं. नुसत्या पासवर्डवर लॉगिन असेल तर किमान १५ अक्षरं, आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत असेल तर नाकारायचा. सक्तीने बदलायला लावलं की लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात आणि मोकळे होतात, ऑफिसात सगळे तेच करतो की आपण.

तिसरी, सिक्युरिटी क्वेश्चन, म्हणजे पासवर्ड विसरला तर ओळख पटवायला विचारायचा प्रश्न. आईचं माहेरचं आडनाव! गावातल्या वाचनालयात! अख्ख्या आळीला पाठ असतं ते. अमेरिकेत २००८ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहू खातं असंच उघडलं गेलं, जन्मतारीख, पिनकोड आणि नवरा कुठे भेटला, सगळी उत्तरं इंटरनेटवर. पुढे.

चौथी, ‘साध्या युजरला अ‍ॅडमिनची बटणं दाखवू नका, झाला रोल-बेस्ड अ‍ॅक्सेस.’ नाही झाला. रोल-बेस्ड म्हणजे ज्याची जी भूमिका, त्याला तेवढाच हक्क. बटण लपवलं तरी त्यामागची यूआरएल, म्हणजे पानाची लिंक, तिथेच असते. भाच्याच्याच अ‍ॅपमध्ये लॉगिन करून यूआरएलमधला सभासद क्रमांक ४१ चा ४२ केला, दुसऱ्याच माणसाचा पत्ता, फोन, वर्गणी सगळं समोर. पोराचा चेहरा पडला. मागणी आली की दर वेळी सर्व्हरवर तपासायचं, हा कोण आहे आणि ही नोंद बघायचा याला हक्क आहे का. ओवास्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या २०२१च्या टॉप टेन धोक्यांत ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल पहिल्या नंबरला आहे ते उगाच नाही.

आता पाचवी. ‘पासवर्डची कटकटच नको, ४ आकडी ओटीपी ठेवा.’ इथे, नाइलाजाने का होईना, अर्धं मान्य करतो. वाचनालयाचे निम्मे सभासद रिटायर्ड, पासवर्ड ते कॅलेंडरच्या मागे लिहिणार, त्यांना ओटीपीच सोपा. एसएमएस काही फार भक्कम नाही, सिम स्वॅप होतं, म्हणजे दुसराच कोणी आपला नंबर स्वतःच्या सिमवर घेतो, निस्टनेही एसएमएसला रिस्ट्रिक्टेड, म्हणजे जपून वापरायच्या, गटात टाकलंय, पण पुस्तकांच्या यादीसाठी चालेल. मात्र कारकुनाच्या आणि अ‍ॅडमिनच्या लॉगिनला नुसता ओटीपी नको, आणि ते दोन्ही लॉगिन वेगळे हवेत, नाहीतर वर्गणीची नोंद कोणी खोडली ते कधीच कळणार नाही. आणि ४ आकडी म्हणजे फक्त १०,००० शक्यता, स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप आकडे टाकून बघणारा छोटा प्रोग्राम, लावली तर चहा होईपर्यंत संपतात. ६ आकडी कर, पाच चुकांनंतर तो ओटीपी बाद कर आणि एका नंबरला तासात किती ओटीपी जातील त्यावर मर्यादा घाल. या मर्यादेबद्दल त्या अख्ख्या पोस्टमध्ये अवाक्षर नाही.