बोल्ट भाजतात तशी फ्यूजनची भिंत भाजून भागत नाही

शिरोली एमआयडीसीतल्या प्लेटिंगवाल्यांच्या ग्रुपवर फ्यूजन रिअ‍ॅक्टरबद्दलचा, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा काढणाऱ्या भट्टीबद्दलचा, एक मेसेज फिरतोय. तिचं इंधन हायड्रोजनचंच, म्हणून भिंतीत तो किती अडकतो हा प्रश्न. दावे चार: टंगस्टनची भिंत हायड्रोजन धरतच नाही, धरलाच तर झिंक प्लेटिंगच्या बोल्टसारखी २०० अंशांवर भाजली की सगळा निघून जातो, इंधन समुद्राच्या पाण्यातून फुकट, कचरा शून्य. हेच चार दावे बारावीतल्या पुतणीच्या प्रोजेक्टच्या वहीत उतरलेले दिसले, आणि गप्प बसवेना.

पहिला दावा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य. कोऱ्या, म्हणजे न्यूट्रॉनचा मार न खाल्लेल्या टंगस्टनमध्ये हायड्रोजन फारच कमी विरघळतो. ब्रिटनमधल्या जेट या फ्यूजनच्या प्रयोगयंत्रात २०११ साली कार्बनची भिंत जाऊन बेरिलियम-टंगस्टनची आली, तेव्हा अडकून राहणारं इंधन दहापटीहून जास्त घटलं. पण वीज बनवणाऱ्या रिअ‍ॅक्टरमध्ये भिंत कोरी राहील कशी? ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनचीच जड रूपं, तेच इंधन. त्यांच्या संयोगातून १४.१ एमईव्हीचा न्यूट्रॉन सुटतो (ईव्ही हे अणूंच्या ऊर्जेचं माप; केईव्ही म्हणजे हजार ईव्ही, एमईव्ही म्हणजे दहा लाख). तो टंगस्टनच्या अणूवर समोरासमोर आदळला तर अणूला सुमारे ३०० केईव्हीपर्यंत ऊर्जा देतो. अणू जागेवरून उडवायला ९० ईव्हीच्या आसपास पुरते. उडालेले बहुतेक अणू परत कुठेतरी बसतात, काही रिकाम्या जागा मात्र तशाच राहतात. हायड्रोजन अडकतो तो तिथे, आणि एकेका जागेत एकाहून जास्त अणू मावतात.

भाजण्याचा दावा सगळ्यात घातक, कारण आपल्याकडच्या माणसाला तो लगेच पटतो. हाय-टेन्साइल बोल्ट प्लेटिंगनंतर २०० अंशांच्या आसपास काही तास ठेवला की प्लेटिंगमध्ये शिरलेला हायड्रोजन निघून ठिसूळपणा टळतो, हे खरंच. पण पोलादातला तो हायड्रोजन सैल असतो. मार खाल्लेल्या टंगस्टनमधल्या रिकाम्या जागा त्याला १ ईव्हीहून जास्त ऊर्जेने धरून ठेवतात. जर्मनीत गार्किंगच्या माक्स प्लांक संस्थेत हे मोजलंय. टंगस्टनवर २० एमईव्हीचे टंगस्टन आयन (विद्युतभारित अणू) मारायचे, म्हणजे दोनेक मायक्रॉन खोलीपर्यंत न्यूट्रॉनसारखं नुकसान होतं. मग मंद ड्युटेरियम प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, द्यायचा. ऊर्जा कमी ठेवायची, नाहीतर प्लाझ्माच नवीन नुकसान करतो. नंतर हेलियम-३ चा झोत मारून ड्युटेरियम कुठल्या खोलीवर किती आहे ते मोजायचं, आणि शेवटी नमुना हळूहळू तापवत निघणारा वायू पकडायचा. खोलीच्या तापमानाला नुकसान झालेल्या थरात १०० टंगस्टन अणूंमागे एक ते दोन ड्युटेरियम सापडतात, आणि तापवताना ५०० अंशांवरही ते बाहेर पडतच असतं. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या ईटर या मोठ्या फ्यूजन यंत्रात पहिली भिंत २४० आणि डायव्हर्टर (तळाचा, सगळ्यात जास्त उष्णता झेलणारा भाग) ३५० अंशांपर्यंत भाजायची सोय आहे. मग २०० अंशांवर 'सगळा' कसा निघेल? शिवाय आयनांचं नुकसान पृष्ठभागापुरतं. न्यूट्रॉन पूर्ण जाडी पोखरतात. रिअ‍ॅक्टरची भिंत चालू असताना गरम असते, त्यामुळे अडकणारं प्रमाण कमी होतं, शून्य होत नाही. ईटरच्या पात्रात अडकलेल्या ट्रिटियमवर ७०० ग्रॅमची मर्यादा घातलीय ती उगीच नाही.

समुद्रातून मिळतं ते ड्युटेरियम. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, निसर्गात ते जवळपास नाहीच. लिथियमवर न्यूट्रॉन मारून रिअ‍ॅक्टरमध्येच बनवावं लागतं. १००० मेगावॅट फ्यूजन शक्तीला वर्षाला सुमारे ५५ किलो लागतं, त्यातलं भिंतीत गेलेलं इंधन म्हणून हाती येत नाही.

कचऱ्याचं थोडक्यात: अणुभट्टीसारखं जळलेलं इंधन उरत नाही, पण न्यूट्रॉन खाल्लेलं पोलाद आणि ट्रिटियम मुरलेल्या टाइल्स किरणोत्सारी असतात. त्या रोबोटने काढाव्या लागतात. वहीतलं 'शून्य' आणि '२०० अंश' दोन्ही खोडायला सांगितलंय.