अर्धी टाकी भरली म्हणून ड्रायनेस फ्रॅक्शन ०.५? अरे काय चाललंय!

काल रात्री साडेदहाला भाच्याचा मेसेज, "मामा हे बरोबर आहे का बघ ना", आणि खाली एक पीडीएफ. "रिजिड टँकचे सगळे प्रॉब्लेम ५ ट्रिक्समध्ये, स्टीम टेबल जवळजवळ लागतच नाही." (रिजिड टँक म्हणजे आकार न बदलणारी बंद टाकी, स्टीम टेबल म्हणजे पाणी-वाफेच्या आकड्यांचे तक्ते.) सेकंड इयर मेकॅनिकलच्या निम्म्या ग्रुपवर फिरतेय म्हणे. परवा त्याचा थर्मोचा, म्हणजे थर्मोडायनॅमिक्सचा पेपर. माझी अर्धी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरपाशी गेली, पण असला आत्मविश्वास तिथेही पाहिला नव्हता.

ट्रिक १: "टाकी अर्धी पाण्याने, अर्धी वाफेने भरलेली असेल तर ड्रायनेस फ्रॅक्शन डायरेक्ट ०.५ घ्या."

अरे बाबांनो, ड्रायनेस फ्रॅक्शन म्हणजे एकूण वजनात वाफेचं वजन किती, ते वजनाचं गुणोत्तर आहे, जागेचं नाही! १ घनमीटरची टाकी घ्या, १०० अंशाला, अर्धं पाणी अर्धी वाफ. किलोभर पाण्याला जागा लागते ०.००१०४३ घनमीटर आणि किलोभर वाफेला १.६७२, म्हणजे १६०० पट. मग अर्ध्या घनमीटरात पाणी बसलं ४७९ किलो आणि वाफ किती, तर ०.३ किलो. पावशेरापेक्षा थोडी जास्त! ड्रायनेस फ्रॅक्शन आलं ०.०००६. ०.५ कुठे आणि हे कुठे. आणि पहिलाच आकडा चुकला की पुढचं सगळं गणित वाहून गेलं, स्टेप मार्कसुद्धा मिळायचे नाहीत.

ट्रिक २: "तापवत गेलं की शेवटी सगळ्याची वाफच होते." हे अर्धं खरं आहे, मान्य, पेपरात येणाऱ्या बऱ्याच गणितांत तसंच होतं. पण टाकी बंद आणि कडक, म्हणजे स्पेसिफिक व्हॉल्यूम (आतल्या किलोभर मालाच्या वाट्याची जागा) हलत नाही, ते क्रिटिकल व्हॉल्यूमपेक्षा (जिथे पाणी आणि वाफ यांतला फरकच संपतो तिथलं, किलोला साधारण ०.००३१ घनमीटर) जास्त असेल तरच शेवटी वाफ. आपल्या वरच्याच टाकीत ते ०.००२०८ आहे. तिथे ड्रायनेस ३५० अंशाच्या आसपासपर्यंत वाढतो, मग उलटा फिरतो, आणि ३६६-३६७ अंशाला अख्खी टाकी पाण्याने भरते, वाफ गायब! प्रेशर तेव्हा २०० बारच्या घरात. पटत नसेल तर अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या वेबसाइटवर पाण्याच्या प्रॉपर्टीज फुकट मिळतात, घाला आकडे आणि बघा, मीही काल रात्री तेच करत बसलो होतो.

ट्रिक ३ वाचून मात्र डोकं फिरलं. "व्हॉल्यूम कॉन्स्टंट आहे ना, मग प्रेशर भागिले तापमान कॉन्स्टंट." हा नियम नुसत्या गॅसचा. आत पाणी शिल्लक आहे तोवर ते उकळून वाफेत भर घालतच राहणार, त्यामुळे प्रेशर सॅच्युरेशनचंच, म्हणजे त्या तापमानाला पाणी ज्या प्रेशरला उकळतं तेच. १०० वरून १५० अंशाला नेलं तर या ट्रिकने (तापमान केल्विनमध्ये धरून) येतं ११५ किलोपास्कल, खरं प्रेशर ४७६. चौपट! पेपरात चार मार्क जातील, ठीक आहे, पण हाच पोरगा उद्या प्लँटवर सेफ्टी व्हॉल्व्ह निवडायला बसला तर?

ट्रिक ४, हीट किती लागेल याचं गणित करताना लेटंट हीट म्हणून एचएफजी (पाण्याची वाफ होतानाचा एन्थॅल्पीतला फरक) वापरा. नाही. झाकण हलत नाही, पिस्टन नाही, बाउंड्री वर्क (भिंत सरकवायला लागणारं काम) शून्य, म्हणून दोन्ही स्टेटच्या इंटर्नल एनर्जीतला फरक घ्यायचा. १०० अंशाला किलोमागे एचएफजी २२५६ आणि यूएफजी (तसाच फरक, पण इंटर्नल एनर्जीतला) २०८७, मधले १६९ किलोज्यूल वाफेला जागा करून द्यायला लागतात, आणि इथे तर जागा वाढतच नाही.

ट्रिक ५, इंटरपोलेशन (टेबलमधल्या दोन आकड्यांच्या मधला आकडा काढणं) सोडा, टेबलमधला जवळचा आकडा घ्या. पाण्याच्या व्हॉल्यूमला चालेल एक वेळ, १०० आणि १०५ अंशात ०.००१०४३ चं ०.००१०४७ होतं, कोण विचारतंय. पण वाफेचं १.६७२ वरून १.४१९ वर येतं, तिथे दोन मिनिटं काढून इंटरपोलेशन करच रे बाबा, कॅल्क्युलेटर आहे ना हातात.