‘द ब्लॅक कॅट’मधली बायको

अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोची ‘द ब्लॅक कॅट’ ही कथा आपल्यापैकी अनेकांनी कॉलेजात, नाहीतर एखाद्या भयकथासंग्रहात वाचलेली असते. तिचा विषय निघाला की काळं मांजर हमखास आठवतं. त्याचं नाव प्लूटो, हेही पुष्कळांच्या लक्षात असतं. त्या घरातल्या बायकोचं नाव मात्र कुणालाच सांगता येणार नाही, कारण पोने ते दिलेलंच नाही. मला ही कथा तिची वाटते. सांगणारा नवरा आपल्याला तिच्याकडे बघूच देत नाही, आणि खरी भीती त्यातच आहे.

कथा १८४३ सालची. उद्या फासावर जाणारा माणूस लिहायला बसतो आणि सुरुवातीलाच सांगतो, या नुसत्या घरगुती घटना आहेत. शेजारी आरडाओरडा झाला की आपणही असंच म्हणून दार लावून घेतो.

दोघांनाही प्राण्यांचं वेड. घरात पक्षी, मासे, कुत्रा, ससे, एक छोटं माकड आणि प्लूटो. मग याची दारू वाढते. बायकोवर हात टाकल्याचं तो एका वाक्यात उरकतो. मांजराचा डोळा चाकूने कसा काढला, ते मात्र तपशिलात सांगतो. पुढे त्याला झाडाला फाशी देतो, तेही रडत रडत. हे सगळं होत असताना ती काय म्हणाली, याबद्दल एक अक्षर नाही. आपणही विचारत नाही, कारण तोवर घर जळालेलं असतं, उरलेल्या भिंतीवर गळ्यात दोर असलेल्या मांजराचा आकार उमटलेला असतो आणि आपलं सगळं लक्ष तिकडे गेलेलं असतं.

मग दुसरं मांजर येतं. तसंच काळं, तसंच एका डोळ्याचं. डोळा नाही म्हणूनच तिला त्याचा जास्त लळा लागतो. त्याच्या छातीवरच्या पांढऱ्या डागात नवऱ्याला हळूहळू फाशीचा खांब दिसू लागतो. ज्या जिवावर ती माया करते, त्याच्याच अंगावर याला स्वतःची शिक्षा दिसते. मला कथेतली सगळ्यात भयंकर जागा ही वाटते, शेवटची भिंत नव्हे.

तळघराच्या जिन्यात मांजर पायात येतं, तो कुऱ्हाड उगारतो आणि ती त्याचा हात धरते. तिने त्याला अडवल्याचा कथेतला हा एकच प्रसंग, आणि त्यातच ती मरते. तो तिला भिंतीत चिणतो. पकडला गेल्यावरही म्हणतो काय, तर या मांजरानेच मला खुनापर्यंत नेलं!

पो दारू प्यायचा, म्हणून ही त्याचीच कहाणी, असं काही जण लिहितात. मला ते अजिबात पटत नाही. १८४० मध्ये त्याने स्वतःच्या काळ्या मांजरीवर एक लेख लिहिला होता. ती स्वयंपाकघराच्या दाराची कडी स्वतः कशी उघडते, याचं त्यात किती कौतुक आहे! पत्नी व्हर्जिनिया क्षयाने १८४७ मध्ये गेली. त्या शेवटच्या आजारपणात ऊब मिळावी म्हणून त्यांची मांजर तिच्या छातीवर बसायची, अशी भेटायला आलेल्या एका बाईंची आठवण नोंदलेली आहे. बाई आणि मांजर यांच्यातली माया पोच्या घरातलीच होती. म्हणूनच नवऱ्याचा घाव आधी मांजरावर पडेल, हे त्याला सुचलं असावं.

हे काही कल्पनेतलंच नाही. जनावराला इजा करून बायकोला धाकात ठेवणारे नवरे खरेच असतात. अशा घरातून बाहेर पडताना बाई मांजराला मागे कसं टाकू म्हणून अडून राहते. अमेरिकेतल्या मेन राज्याने २००६ मध्ये घरगुती हिंसेपासून वाचवणाऱ्या न्यायालयाच्या संरक्षण-आदेशात पाळीव प्राण्यांनाही घेण्याची तरतूद केली. तसं करणारं ते तिथलं पहिलं राज्य.

ही कथा शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझी कळकळीची विनंती आहे. भिंतीवरचं मांजर खरं की भास, यावर तास घालवण्याआधी मुलांना एवढं विचारा: त्याने तिला पहिल्यांदा मारलं, तेव्हा ती कुणाच्या दारी जाऊ शकली असती?