गायकवृंदाची मालिका आणि आपल्या भावना

मराठी मालिकांवरून मायदेशी जे वाद अधूनमधून पेटतात, त्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते. इंग्लंडात चर्चमधल्या माणसांच्या भानगडी खुशाल दाखवता येतात आणि आपल्याकडे देवळाशी संबंधित एखादे पात्र जरा वाकडे वागताना दिसले की निवेदने, निषेध आणि पोलिसांत तक्रारी सुरू होतात, अशी ती तक्रार. मी इंग्लंडात राहत असल्यामुळे मी तिला मान डोलावीन, असे माझे मित्र गृहीत धरतात. तशी मान मला अर्धीच डोलावता येते.

या वादात उदाहरण म्हणून शोभेल अशी एक मालिका बीबीसी वनवर २००९ साली झाली. डेबी हॉर्सफील्ड यांनी लिहिलेली ‘ऑल द स्मॉल थिंग्ज’ ही सहा भागांची मालिका एका चर्चच्या गायकवृंदाभोवती फिरते. वृंदाचा संचालक नव्याने आलेल्या एका गायिकेत गुंततो आणि संसार मोडतो. मग त्याची बायको एस्थर, म्हणजे सारा लँकशर, जुन्या वृंदाच्या तोलामोलाची नसलेली माणसे जमवून स्वतःचा वेगळा वृंद उभा करते. नवरा, दुसरी बाई आणि सोसून सोसून अखेर उभी राहणारी बायको हे त्रिकूट तर आपल्या मालिकांच्या घरचेच आहे. निराळे आहे ते एवढेच की इथे सूड गाण्यातून उगवायचा असतो आणि त्यासाठी आधी गाणे यावे लागते.

या मालिकेने धर्माला हात घातला आणि तरीही ती निभावली, असे म्हणणे मला पटत नाही, कारण तिने धर्माला हात घातलाच नाही. चर्च ही तिच्यात लोकांनी एकत्र येऊन काम करण्याची जागा आहे. शिवाय इंग्रज समाज जन्मजात सहिष्णू आहे हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. ईशनिंदेचा गुन्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये रद्द झाला तो २००८ साली, म्हणजे या मालिकेच्या जेमतेम एक वर्ष आधी. १९७७ मध्ये याच कायद्याखाली एका कवितेवरून ‘गे न्यूज’ या नियतकालिकाला आणि त्याच्या संपादकाला न्यायालयाने दोषी ठरवले होते, आणि २००५ मध्ये बीबीसीने ख्रिस्ताचे पात्र असलेली एक विडंबनपर संगीतिका दाखवली तेव्हा प्रक्षेपणाच्या आधीच तक्रारींचा ढीग पडला होता. आपल्याकडे धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्याला गुन्हा ठरवणारे, १९२७ साली दंड संहितेत आलेले कलम २९५-अ आता भारतीय न्याय संहितेत २९९ या क्रमांकाने नांदते आहे. तेव्हा कायद्यापुरता फरक खरा आहे. तो फार जुना मात्र नाही.

दुसरी गोष्ट मित्रांना सांगताना मला थोडे अवघड वाटते. इथे चर्चवर कोणी काही दाखवले तर लोक चिडत नाहीत, याचे एक कारण असे की बहुतेकांना चर्चचे काही पडलेले नसते. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या ४६.२ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटले आणि ३७.२ टक्क्यांनी कोणताच धर्म नसल्याचे नोंदवले. दहा वर्षांपूर्वी ख्रिस्ती म्हणवणारे ५९.३ टक्के होते. ज्या जागेशी माणसाचा जिव्हाळाच उरलेला नाही, तिच्याविषयी उदार होणे फारसे कठीण नसते. पंढरीच्या वाटेवर आजही लाखो माणसे चालतात, तिथल्या हळवेपणाची तुलना या उदासीनतेशी करून स्वतःला मागासलेले ठरवण्याची घाई आपण करू नये.

याचा अर्थ आपल्याकडे धारिष्ट नव्हते असाही नाही. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ओळीने उभे राहून गाणारा पुरुषांचा वृंद हाच नाटकाचा कणा होता, आणि तोच वृंद भजनातून लावणीत इतक्या सहज सरकत होता की त्या भक्तीचे ढोंग प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. त्यावर वादळ उठले, ज्या संस्थेने नाटक बसवले तिनेच प्रयोग थांबवले, पण पुढे ते पुन्हा उभे राहिले आणि देशाबाहेरही गाजले. भावना तेव्हाही दुखावल्याच होत्या.

मग आजच्या मालिकांत नेमके काय कमी आहे? माझ्या मते, कामाची जवळून ओळख. इथल्या एका चर्चमध्ये गायकवृंदाची तालीम मी बाकावर बसून पाहत असतो. प्रत्येकाच्या हातात पेन्सिल असते आणि श्वास कुठे घ्यायचा याची खूण ज्याने त्याने आपल्या प्रतीवर करून ठेवलेली असते. संचालक एकाच ओळीवर थांबतो आणि सगळ्यांनी एकदम श्वास घेतला म्हणून ती पुन्हा म्हणायला लावतो. शेजाऱ्याने घेतला की आपण घ्यायचा नाही, हा तिथला नियम. टेनर, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारे पुरुष, नेहमी कमी पडतात, त्यामुळे बेसुऱ्या टेनरलाही कोणी काढत नाही (बिचाऱ्याला त्याची कल्पनाही असते). नाट्य या असल्या गोष्टींत असते.

आपल्याकडे असे नाट्य कमी आहे काय? ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात मुक्कामी समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि सगळ्या दिंड्यांचे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते, तिचे गाऱ्हाणे ऐकले जाते आणि मगच आरती होते. हजारो माणसांच्या शांततेत एकाच दिंडीचे टाळ चालू आहेत, यापेक्षा चांगला प्रसंग कोणता पटकथालेखक बसल्या जागी रचू शकेल? तरी आमच्या संतांवरच्या मालिका चमत्कारातच रमतात. विणेकऱ्याचा मान कोणाकडे गेला, अभंगाची चाल कोणी बदलली, यावरून होणाऱ्या रुसव्याफुगव्यांकडे त्या ढुंकून पाहत नाहीत.

आणि चर्चचाच गायकवृंद हवा असेल तर त्यासाठी इंग्लंड गाठण्याचेही कारण नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर अभंग-ओवीच्या वळणाने लिहिलेली पदे मराठी चर्चमध्ये आजही पेटी-तबल्यावर गाइली जातात. त्या मंडळींचा मराठी मालिकांत जवळजवळ पत्ताच नाही. त्यांना दाखवले म्हणून कोणाच्या भावना दुखावल्या असत्या, असे मला वाटत नाही. त्यांची आठवणच कोणाला झाली नसावी.

खरी अडचण रोजच्या भागाची आहे. बीबीसी परवाना शुल्कावर चालते. २००९ मध्ये ते घरटी वर्षाला १४२ पौंड ५० पेन्स झाले होते, आणि सहा भागांत गोष्ट संपली तर कोणाचे नुकसान होत नव्हते. आपल्याकडे आठवड्यातून सहा दिवस भाग द्यायचा, टीआरपी पाहून कथानक वळवायचे आणि आज लिहिलेले दोन दिवसांत चित्रित करायचे, या धबडग्यात नटांना चार आवाजांतले गाणे किंवा वारकरी चाल शिकवायला सवड कोण देणार? वाहिन्यांना हा खर्च परवडत नाही, हे मी समजू शकतो. तसे त्यांनी सरळ सांगावे, आणि विषय टाळल्याचे खापर दर वेळी प्रेक्षकांच्या भावनांवर फोडू नये.