वैभव भाड्याने घेताना

तुम्ही मोठ्या शहरात, नावाजलेल्या भागात, आलिशान घर भाड्याने घ्यायचं ठरवलंय, हे ऐकून आनंद झाला. आता सर्वात आधी राहण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. राहायला काय, कुठलंही घर पुरतं. भिंती, पाणी, उजेड आणि दाराला कडी एवढ्यावर माणसं पिढ्यान् पिढ्या राहत आलीच आहेत. तुम्हाला ज्या घराची जाहिरात आवडली, तिच्यात कुणी राहताना दिसतं का, ते नीट पाहा. सोफ्यावर कुणी लोळत नाही, ओट्यावर भांडं नाही, दारामागे टॉवेल नाही. एक कप आहे, तोही रिकामा, एका उघड्या पुस्तकाशेजारी. तुम्हाला बरोबरी करायची आहे ती त्या कपाशी.

फोटोंवर शंका घेऊ नका. ते रुंद कोनाच्या भिंगातून काढलेले असतात आणि ते भिंग मोठ्या मनाचं असतं. जवळच्या भिंतीला ते लांब ढकलतं आणि कोपऱ्यांना ताणून बसवतं. फोटोच्या कडेला ठेवलेला गोल दिवा अंडाकृती दिसत असेल तर खोलीही तशीच ताणलेली समजावी, असं काही संशयी लोक सांगतात. तुम्ही फोटोच्या मध्यभागी पाहा. नमुन्याचं घर पाहायला गेलात तर तिथे आतली दारं काढून ठेवलेली असू शकतात. दार नसलं की ते उघडायला जागा लागत नाही, आणि जागा लागली नाही की खोली मोठी होते. पलंग थोडा आखूड वाटला तर पाय तुमचेच लांब आहेत. मोजायची टेप खिशातून काढणं हा तर उघड अपमान आहे. कुणी विचारलंच, तर क्षेत्रफळात बाल्कनी धरली आहे का आणि भिंतींची जाडी कुणाच्या खात्यात गेली, असले प्रश्न अंगणवाडीतच सोडून आलो म्हणून सांगा.

भाग निवडताना नकाशा पाहू नका, नाव पाहा. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला कष्टकऱ्यांची वस्ती म्हणून ओळख होती, शेजारच्या ग्रेनिच व्हिलेजला कलावंतांची. १९६० च्या दशकात लोअर ईस्ट साइडचा उत्तरेकडचा तुकडा ‘ईस्ट व्हिलेज’ झाला. या बारशात जागेच्या दलालांनी हौसेने पुढाकार घेतला होता. रस्ते तेच राहिले, गटारं तीच राहिली, फक्त शेजार बदलला. २०१७ साली त्याच शहरातल्या हार्लेमच्या दक्षिण टोकाला ‘सोहा’ (‘साउथ हार्लेम’चं लाडकं रूप) म्हणायचा घाट घातला गेला तेव्हा तिथले रहिवासी चिडून रस्त्यावर उतरले. तुम्ही असला आडमुठेपणा करू नये. दोन गल्ल्या सोडून, जुन्या नावाच्या हद्दीत, तसंच घर कमी भाड्याने मिळत असेल. पण तिथला पत्ता सांगितल्यावर समोरच्याच्या भुवया वर जातील का, हा खरा प्रश्न आहे.

आता सुविधांकडे वळू, कारण भाड्याचा जीव तिथे आहे. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, चित्रपटाची खोली, लॅपटॉप घेऊन बसायची जागा, कुत्र्याला आंघोळ घालायची जागा, गच्चीवरची बाग, आणि एक अशी खोली जिच्यात फक्त खुर्च्या आहेत. यादी मोठ्याने वाचा आणि प्रत्येक ओळीनंतर मान डोलवा. तुम्हाला पोहता येतं की नाही, हे इथे गैरलागू आहे. कुत्रा नसला तरी चालेल. तुम्ही तलावाचे पैसे देताय ते पोहण्यासाठी नाही, तर ‘आमच्याकडे तलाव आहे’ या वाक्यासाठी, आणि ते वाक्य उच्चारायला पाण्यात उतरावं लागत नाही.

इमारतीचं गणितही याच भरवशावर उभं असतं, आणि मला त्या गणिताचं मनापासून कौतुक आहे. कित्येक शे घरांमागे धावायचे पट्टे असतात पाच-सहा. सगळ्या भाडेकरूंनी ठरवून संध्याकाळी सात वाजता व्यायामाला यायचं म्हटलं तर निम्मे लोक जिन्यापर्यंत रांगेत उभे राहतील. तसं होत नाही, कारण तुम्ही येत नाही. तुम्ही पैसे भरता आणि घरी पडून राहता. तुमच्या आळसावर शेजाऱ्याची मोकळी व्यायामशाळा चालते. इतकी निःस्वार्थ समाजसेवा तुमच्या हातून एरवी घडली असती का? चित्रपटाची खोली मात्र आधी आरक्षित करावी लागते, आणि ती सदैव आरक्षित असते. कोण करतं, ते आजवर कुठल्याही इमारतीत कुणाला कळलेलं नाही.

तलावाबद्दल आणखी थोडं. लंडनच्या नाइन एल्म्स भागात ‘एम्बसी गार्डन्स’ नावाची वसाहत आहे. तिथे दोन इमारतींच्या मध्ये, जमिनीपासून ३५ मीटर उंचीवर, आरपार दिसणारा २५ मीटर लांबीचा तलाव टांगला आहे. २०२१ साली तो उघडला तेव्हा जगभर फोटो गेले. त्याच वसाहतीत परवडणाऱ्या योजनेतून घर घेतलेल्या रहिवाशांना मात्र त्यात उतरायला परवानगी नव्हती. खालून पाहायला अर्थातच कुणाचीच हरकत नव्हती. तेव्हा घर घेण्याआधी आपण तलावाच्या वरचे की खालचे, एवढं विचारून घ्या. हा एक प्रश्न मी तुम्हाला माफ करतो.

न्यूयॉर्कमध्ये तर हा प्रश्न दारापासूनच सुरू झाला होता. रिव्हरसाइड बुलेव्हार्डवरच्या एका उंची इमारतीत ५५ घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी होती आणि त्यांना दारही वेगळं होतं. त्याला लोक ‘गरिबांचं दार’ म्हणू लागले, बराच गाजावाजा झाला आणि २०१५ साली कायद्यानेच पुढच्या इमारतींत असली दारं बंद केली. पण त्याच वर्षी त्या ५५ घरांसाठी अर्ज किती आले? ८८ हजारांच्या आसपास. तुमच्या दाराशी एवढी झुंबड कधी उडणार नाही. उलट तुम्ही अर्ज न करता एजंटच तुम्हाला रोज फोन करेल, सुट्टीच्या दिवशी दोनदा. आपली किंमत कुणाला आहे, हे असं कळतं.

काचेची भिंत असलेलं घरच घ्या. जमिनीपासून छतापर्यंत काच, तिच्यापलीकडे शहर आणि अलीकडे तुम्ही. दुपारी घर भट्टीसारखं तापेल, पण वीजबिल भाड्यात धरलेलं नसतं, त्यामुळे त्याचा विचार आत्ता नको. बाहेरचं दिसतं तिथे आतलंही दिसतं, हा मुद्दा थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. लंडनमधल्या ‘निओ बँकसाइड’च्या काचेच्या घरांसमोर टेट मॉडर्न कलासंग्रहालयाने २०१६ साली आपल्या नव्या इमारतीच्या माथ्यावर प्रेक्षकसज्जा उघडला. वर्षाकाठी पाच-सहा लाख माणसं तिथे येऊन लंडन पाहू लागली, आणि लंडन पाहून झालं की समोरच्यांचं स्वयंपाकघर. रहिवासी न्यायालयात गेले. २०१९ साली खालच्या न्यायाधीशांनी ऐकून घेतलं आणि सुचवलं, की पडदे लावता येतील. अखेर २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी रहिवाशांची बाजू उचलून धरली. तुम्ही एवढं लांबवर जाऊ नका. काचेच्या भिंतीचे पैसे भरा आणि पहिल्याच आठवड्यात तिला जाड पडदा लावा. सगळे तेच करतात.

मजला शक्य तितका वरचा घ्या. पूर्वी वरचे मजले नोकरांचे असत. पॅरिसच्या जुन्या इमारतींत माळ्यावरच्या अरुंद खोल्या मोलकरणींना देत, कारण जिने चढायचे कुणी? मग १८५७ साली न्यूयॉर्कच्या एका पाच मजली दुकानात एलिशा ओटिसच्या कारखान्याची माणसं वाहून नेणारी लिफ्ट बसली, आणि पुढच्या काही दशकांत दारिद्र्य खाली उतरलं, वैभव वर चढलं. एकदा वर गेलेलं वैभव लिफ्ट बंद पडली की वरच अडकतं, एवढाच काय तो दोष. मॅनहॅटनचा ‘४३२ पार्क अॅव्हेन्यू’ हा ४२६ मीटरचा मनोरा घ्या. जगातल्या अतिश्रीमंतांची ही घरं. २०२१ साली तिथल्या रहिवाशांच्या मंडळाने विकासकांवर दावा लावला: पाण्याची गळती, अडकणाऱ्या लिफ्ट, वाऱ्यात करकरणाऱ्या भिंती, मिळून १,५०० हून जास्त दोष असल्याचा आरोप. अशा तक्रारी ऐकून घाबरू नका. साध्या घरात छत गळलं तर ती गळती असते. ४०० मीटरवर गळलं तर ती बातमी असते.

भाडं. हा विषय मी मुद्दाम उशिरा काढला, कारण सभ्य माणसं तो शेवटीच काढतात.

जाहिरातीत ‘एक महिना मोफत’ लिहिलेलं असेल तर हरखून जा. बारा महिन्यांच्या करारात अकरा महिन्यांचे पैसे, म्हणजे सरासरी भाडं साधारण ८ टक्क्यांनी उतरलं. जाहिरातीत छापतात ती ही सरासरी. करारावर मात्र मूळ आकडा असतो, आणि तुम्ही सही त्यावर करता. वर्षाने तो मोफत महिना निघून गेला, की मालकाने एक पैसाही वाढवला नाही तरी तुमचा वर्षाचा खर्च ९ टक्क्यांनी चढतो. मग मालक वाढवतो, तो मूळ आकड्यावर. यात फसवणूक कुठेच नाही. सगळं लिहिलेलं असतं, फक्त जाहिरातीत मोठ्या अक्षरात आणि करारात लहान.

परवडतं की नाही याची चिंता तुम्ही करू नका, ती मालक करतो. न्यूयॉर्कमध्ये महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट वार्षिक उत्पन्न दाखवा, असं सर्रास सांगतात. हिशेब केला तर उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं होतं. गंमत म्हणजे हा ३० चा आकडा आला अमेरिकेच्या सरकारी घरकुलांतून: १९६९ साली गरीब भाडेकरूंवर जास्त बोजा पडू नये म्हणून २५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि १९८१ साली ती ३० वर नेली. गरिबाला यापेक्षा जास्त मागू नका, असा तो नियम होता. आता तो तुम्हाला एवढं तरी कमवाच असं बजावतो. तरीही भाड्यावर घासाघीस करावीशी वाटली, तर समोर माणूस आहे का ते आधी पाहा. अमेरिकेत अनेक मोठे मालक भाडं ठरवायला संगणकाचा सल्ला घेतात. असं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या रिअलपेज कंपनीवर २०२४ साली तिथल्या न्याय खात्याने खटला भरला, की स्पर्धक मालकांची आतली माहिती एकत्र करून भाडी ठरवली जातात. तुम्ही तीन इमारती फिरून तुलना करणार होतात ना? त्यांनी ती तुमच्याआधीच करून ठेवलेली असू शकते.

भाड्याखेरीजच्या रकमा हसत हसत द्या. अर्जाचं शुल्क, सुविधांचं शुल्क, प्राण्याचं मासिक भाडं (प्राण्याला वेगळी खोली मिळत नाही), कचऱ्याचं शुल्क. टोकियोत ‘रेईकिन’ म्हणून घरमालकाला आभाराचे पैसे द्यायची पद्धत आहे, बऱ्याचदा महिनाभराचं भाडं, जे परत मिळत नाही. तिथे निदान आभार तरी मानले जातात. न्यूयॉर्कमध्ये मालकाने नेमलेल्या दलालाची फी भाडेकरू भरायचा. २०२५ च्या जूनपासून ज्याने नेमला त्यानेच भरावी असा नियम आला. मालकमंडळी अर्थातच दुखावली. तुम्ही मोठेपणा दाखवून वाढीव भाड्यातून ती भरून देऊ शकता, आणि बहुधा द्यालच.

घर पाहायला एकदाच जा, रविवारी सकाळी अकराला, एजंटबरोबर. कामाच्या दिवशी रात्री दहाला चुकूनही जाऊ नका. वरच्या मजल्यावरची खुर्ची ओढल्याचा आवाज येतो का, ते कळेल. नळ सोडून पाहू नका. भिंतीवर टिचकी मारू नका. पोकळ वाजली तर संबंध बिघडतील. ओले कपडे वाळवायचे कुठे, हे विचारू नका, कारण बाल्कनीत काही टांगायचं नाही हे नियमावलीत चौथ्या पानावर आहे. सकाळी साडेआठला लिफ्टला किती वेळ लागतो ते त्या इमारतीतल्या भाडेकरूला विचारलंत तर तो दहा मिनिटं बोलेल, आणि एजंटला घाई असते.

सही करा. वर्ष मजेत जाईल, कारण तुम्ही दिवसभर भाडं कमवायला बाहेर असाल.

मग नूतनीकरणाचं पत्र येईल, वाढीव आकड्याचं. त्याच संध्याकाळी त्याच इमारतीची जाहिरात उघडा. तुमच्या समोरचंच घर, तोच मजला, तोच ओटा, तोच कप, नव्या भाडेकरूंना एक महिना मोफत. कार्यालयात जाऊन विचारलंत तर ती मुलगी गोड हसून सांगेल, की सवलत फक्त नवीन लोकांसाठी आहे, सर. तेव्हा नवीन व्हा. इथलं घर सोडल्याची नोटीस द्या, समोरच्या घरासाठी अर्ज भरा, उत्पन्नाचे तेच कागद पुन्हा जोडा, अर्जाचं शुल्क पुन्हा भरा. भिंतीवरच्या खिळ्याच्या भोकांसाठी जुन्या घराच्या अनामत रकमेतून कापून घेतील, तक्रार करू नका. सामान हलवायला मालवाहू लिफ्ट आरक्षित करायला विसरू नका, तिचं शुल्क वेगळं आहे. दोन्ही दारं समोरासमोर असली आणि लिफ्ट लागणार नसली तरीही. नियम छापलेला आहे.