पॉलिश पेपर मारून तुळजापूरचा घाट उतरायचा?

"ब्रेकचा आवाज आला की गॅरेजवाले पॅड बदलायला लावतात, ही लूट आहे. पॅडला पॉलिश पेपर मारा, डिस्क टर्निंग करून घ्या, ब्रेक ऑईल टॉप-अप करा. नवीन काही घ्यावंच लागत नाही." हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा आला. तिसऱ्यांदा तो मामांनी पाठवला. मामा दर पौर्णिमेला सगळ्यांना गाडीत घालून सोलापूरहून तुळजापूरला जातात, म्हणून उत्तर देतोय.

आधी पॉलिश पेपर. चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला आतून आणि बाहेरून दाबून गाडी थांबवतात, ते पॅड. पॅड तापून वरून गुळगुळीत झालं असेल तर घासल्याने फरक पडतो, हे खरं. पण घासायला पॅड शिल्लक तर पाहिजे! नव्या पॅडचा घासणारा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो. 3 वर आला की बदलायचं. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक पट्टी असते. थर संपत आला की ती डिस्कला लागते आणि किंचाळते. अशा वेळी पेपर मारणं म्हणजे उरलंसुरलंही आपल्याच हाताने उडवणं. गाडी धुतल्यावर सकाळी येणारी खरखर मात्र गंजाची असते, चार ब्रेक मारले की जाते. तेवढ्यावरून पॅड बदला म्हणणारा खरंच लुटतोय.

माझ्या गाडीचं चाक न काढताच एका गॅरेजात सांगितलं होतं, "अजून चालतील." बाहेरचं पॅड जाड होतंच. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरची पिन जाम झाल्याने आतलं पार लोखंडाला लागलं होतं. पॅडवर भागलं असतं, तिथे डिस्कही घ्याव्या लागल्या.

टर्निंगला, म्हणजे डिस्क मशीनवर घासून सपाट करण्याला, माझा विरोध नाही. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. टर्निंगनंतर त्याच्या वर राहत असेल तर खुशाल करा. खाली गेली तर बदला, कारण पातळ डिस्क लवकर तापते. दर वेळी पॅडसोबत डिस्कही बदला म्हणणाऱ्यालाही हाच आकडा दाखवायचा.

ऑईलचा सल्ला सगळ्यात वाईट. पॅड झिजलं की कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो, त्याच्यामागे ऑईल जातं आणि डबीतली पातळी उतरते. टॉप-अप केलं की ही खूणच झाकली जाते. शिवाय जुन्या ऑईलमध्ये हवेतलं पाणी मुरतं. डॉट 3 या प्रकारचं ब्रेक ऑईल नवं असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळू नये, असं मानक आहे. पाणी मुरल्यावर ती मर्यादा 140 वर येते. सोलापूरच्या उन्हाला दोष देऊ नका, 42 अंश यापुढे काहीच नाहीत. परतताना घाटात सारखा पाय ब्रेकवर ठेवला की ऑईल तापतं, वाफ धरते आणि पेडल थेट तळाला जातं. दोन वर्षांनी सगळं ऑईल बदलायचं आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा.

मामा, पौर्णिमेच्या आधी पुढची दोन्ही चाकं काढायला लावा. आतल्या पॅडचा फोटो ग्रुपवर टाका, मग ठरवू.